तुरा घेतला, ढाल ठेवली

मागच्या महिन्यात माहेरच्या गावाहून तिघं जण लोहाऱ्याला माझ्या घरी आले, चहा प्याले आणि मला एक खुर्ची देऊ केली. तिघंही तरुण. मी गावची लेक म्हणून मला आत्या म्हणतात. त्यांच्यातला अक्षय हा आता गढी मंडळाचा अध्यक्ष आहे. मुलगा नीटनेटका, बोलायला गोड. "आत्या, यंदाचा तुरा तुम्हाले द्याचा ठरलं," तो म्हणाला. "गढीची सून झालेली पहिली बाई तुम्ही. बॅनरवर फोटो टाकतो." मी विचारलं, "तुरा घेतल्यावर काय करावं लागते?" तो हसला. "काईच नाई आत्या. फक्त येऊन बसाचं. सोफ्याची खुर्ची हाये, पाठीले त्रास नाई होत." मी कप उचलून आत गेले. कप विसळायची घाई नव्हती. समोर बसून राहिले असते तर एखादा फेकला असता. मी दाल मिलमध्ये हिशेब सांभाळते, दोन मुलं वाढवली, कर्ज काढून घर बांधलं आणि फेडलं, आणि या सगळ्यात आवाज चढवल्याचं कुणाला फारसं आठवणार नाही. पण 'फक्त येऊन बसाचं' हे शब्द मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. ते काय करतात हे माझ्या डाव्या मनगटाला माहीत आहे. तिथलं हाड वाकडं जुळलेलं आहे. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे, आणि राग निवायच्या आत लिहिते आहे.

आमचं गाव बाभुळगावच्या पलीकडे, आणि गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीची गढी. आता तिचे दोन बुरूज आणि एक दरवाजा एवढंच उरलंय. जुन्या काळची गोष्ट अशी सांगतात की गढीचा धनी बाहेर गेलेला असताना लुटारूंची फौज आली. घरातली सून बाजूच्या छोट्या दिंडीदरवाज्यात तलवार घेऊन एकटी उभी राहिली, वार झेलता झेलता तिनं मोठ्या दरवाज्याचा अडसर सरकवला आणि धनी परत येईपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही. हे खरं किती, खोटं किती, मला ठाऊक नाही आणि त्याचं फारसं अडतही नाही. गावात दर माघी पौर्णिमेला दुपारी ही लढाई पुन्हा होते. अंगात कापूस भरलेल्या जाड बंड्या, डोक्याला मुंडासं, हातात सागाच्या लाकडी तलवारी आणि म्हशीच्या कातड्याच्या ढाली. नाटक म्हणावं तर वार खरे असतात. मारामारी म्हणावं तर प्रत्येक वार शेवटच्या क्षणी आवरायचा असतो. लढाई संपली की गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि पातळ वरण. तेलातुपाचा आणि धुराचा तो वास अजूनही मला कुठं आला की माझी पावलं थांबतात, आणि त्याच क्षणी मनगट दुखायला लागतं.

दिवाळी झाली की आमचं घर बदलून जायचं. बाबांच्या ताब्यात मंडळाच्या ढाली असायच्या. त्या माळ्यावरून निघत, अंगणात उन्हात ओळीनं पडत, आणि आई जवसाचं तेल कोमट करून फडक्यानं एकेका ढालीला चोळत बसे. कातड्यानं तेल प्यायलं की त्याचा रंग जांभळासारखा गर्द व्हायचा. न प्यायलेली ढाल कोरडी, भुरकट दिसे आणि तिच्यावर टिचकी मारली तर आवाजच निराळा येई. माजघरात बंड्या उसवून पडलेल्या असत. आमच्याच वावरातला कापूस, तो पिंजून आणलेला, आणि आईच्या आणि शेजारच्या काकूंच्या हातात दाभणासारख्या लांब सुया. कापसाचे तंतू भातात यायचे, वरणात यायचे, माझ्या वेणीत अडकायचे. बाबा जेवायला बसले की म्हणत, "आज भाजी कापसाची केली का व?" आणि आई म्हणे, "तुमच्या लढाईची हाये. गुपचूप खा." संध्याकाळी मैदानावर सराव सुरू झाला की घरात बसून आवाज ऐकू यायचे. ढालीच्या मधल्या काळ्या गोलावर वार नीट बसला तर धप्प असा दबका आवाज येतो, पोतं टाकल्यासारखा. कडेला लागला तर टक्. आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी हे दोन आवाज ओळखता यायचे.

आता तुरेवाल्यांविषयी. पुष्कळ वर्षं लढाई खेळून ज्याचा हात सगळ्या गावानं पाहिला, त्याला मंडळ पागोट्यात मोरपिसांचा तुरा खोवून देई. तुरा मिळाला की त्यानं तलवार खाली ठेवायची आणि ढाल उचलायची, हा आमच्या मंडळाचा कायदा. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण अडाण्यापासून मास्तरापर्यंत सगळ्यांना पाठ होता. दिवाळीपासून माघापर्यंत रोज संध्याकाळी तुरेवाल्यानं मैदानात उभं राहायचं आणि नव्या पोरांचे वार आपल्या ढालीवर घ्यायचे. कारण नवख्या हाताचा वार झेलणं नवख्याचं काम नाही. पोरगं वार आवरतंय की नुसतं हाणतंय, हे पाहणाऱ्याला कळत नाही. ढाल धरणाऱ्याला ते खांद्यात कळतं. ज्या दिवशी त्याला ते बरोबर वाटेल त्या दिवशी तो ढाल खाली करून एवढंच म्हणे, "हात बसला." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय कुणालाही लढाईत पाऊल टाकता येत नसे. मान होता तो या दोन शब्दांचा. मोरपिसं काय, जत्रेतही मिळतात.

बाबांना तुरा मिळाला तेव्हा मी शाळेत होते. आईनं पुरणाचा स्वयंपाक केला, समोरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातले चिनीमातीचे ससे काढून तिथं तुरा ठेवला. पहिल्या हिवाळ्यात बाबा रोज मैदानावर गेले. रात्री आई त्यांच्या दंडाला हळदतेल लावे, ते कण्हत आणि खूश असत. दुसऱ्या हिवाळ्यात ते आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. मग सोसायटीची निवडणूक आली, बाबा निवडून आले, आणि त्याच वर्षी भाऊसाहेबांनी मंडळाला खुर्च्या दिल्या. भाऊसाहेब हे आमच्या गावातले सगळ्यात जुने तुरेवाले. त्यांची दुधाची डेअरी होती आणि त्यांना कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन करायला आवडे. लाल गादीच्या सहा खुर्च्या आल्या, सहा तुरेवाल्यांसाठी. खुर्च्या आल्यावर बसणं आलं, बसल्यावर चहा आला, चहा आल्यावर राजकारण आलं. ढाली मैदानाच्या कडेला रचून ठेवलेल्या असत. कुणाची पाठ धरली होती, कुणाला साखर निघाली होती, कुणाच्या मुलीचं लग्न होतं. ही कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. माणूस म्हातारा होतो, दुखतं. पण पाठ धरलेला माणूस लग्नाच्या वरातीत नाचताना मी पाहिला आहे.

सहापैकी एक माणूस खुर्चीवर बसला नाही. सलीमचाचा. एसटी स्टँडजवळ त्यांचं गॅरेज, मोटारपंप भरायचे आणि स्कूटरी दुरुस्त करायचे. मेंदी लावलेली दाढी, खिशात छोटा कंगवा, आणि स्वतःविषयी अतिशय उत्तम मत. "इस ढाल पे सगळ्या गावानं लिहायला शिकलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यांच्या खुर्चीवर ते आपला सदरा आणि टॉवेल टाकून मैदानात उतरत. बाकीचे पाच जण त्यांच्याकडं पाहून हसत. सहा तुरेवाल्यांचं काम एक माणूस करत होता, आणि हसत मात्र पाच जण होते. एवढा साधा हिशेब गावात कुणीच मांडला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

मी बारावीला होते त्या वर्षी गावातली बरीच पोरं पुण्याकडं कंपन्यांत गेलेली होती आणि लढाईला माणसं कमी पडायला लागली. तेव्हा मुलींना घ्यायचं ठरलं. गढीची सून आजवर मिशी काढलेला एखादा पोरगा लुगडं नेसून होत असे. मला ती सून व्हायचं होतं. आजपर्यंत मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी मागितल्या, पण तेवढ्या जोरानं दुसरी कुठली मागितली नसेन. एका संध्याकाळी बाबा ओट्यावर तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, माह्यासाठी ढाल धराल?"

"तू कायले त्या पोट्ट्यायच्या भानगडीत पडून राह्यली व?"

"दरवर्षी पोट्टाच सून होते. मी तं खरीच पोट्टी हाव."

"माह्या खांद्यात दम नाई राह्यला. अन् पोरीचे वार बापानं झेलाचे? लोक काय म्हन्तीन?"

आतून, चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आईचा आवाज आला. "खांद्यात दम नाई म्हन्ते, पन तुऱ्याचं वजन बराबर झेपते."

बाबांनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेले. सलीमचाचा पंपाच्या पोटात हात घालून बसले होते. माझं बोलणं ऐकून त्यांनी हात पुसले, कंगवा काढून दाढी सारखी केली आणि म्हणाले, "आव. लेकिन रोनेका नहीं. एकदा जरी आई गं म्हटलं तं घरी पाठवीन." पहिल्या संध्याकाळी मी असे दणादण वार घातले की मला वाटलं चाचा खूश होतील. ते ढालीमागून ओरडले, "ही तलवार हाये का मोगरी? धुनं धुवून राह्यली का तू?" मैदानावर सगळे हसले. "मारता तो गधा भी है. रोक के दिखा." थांबवायला मला महिना लागला. तलवार खाली येताना ती ढालीला टेकते आणि त्याच क्षणी कोपरातून मागं घ्यायची. ते एकदा जमलं की अंगाला असं हलकं वाटतं की सांगता येत नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चाचांनी ढाल खाली केली, कंगवा काढला, दाढी सारखी केली, आणि मुद्दाम उशीर लावून म्हणाले, "हात बसला." मी धावत घरी गेले. आईनं तिळगुळाचा डबा माझ्यासमोर उपडा केला. बाबा म्हणाले, "चांगलं झालं," आणि रेडिओचा आवाज वाढवला.

त्या वर्षी पाहुणे म्हणून कुणी मोठे पुढारी येणार होते. दरवाज्यावर चढाई करणारी फौज मोठी दिसली पाहिजे असं भाऊसाहेबांना वाटू लागलं. पण चार मुलांचा हात बसला नव्हता, आणि त्यांच्यासाठी ढाल धरता धरता सलीमचाचांच्या कोपरावर लिंबाएवढी सूज आली होती. लढाईच्या आधीच्या रविवारी सकाळी मारुतीच्या देवळासमोर मंडळाची बैठक बसली. आम्ही खेळणारे खाली सतरंजीवर, तुरेवाले खुर्च्यांवर. चाचा उभेच होते. त्यांनी बाही वर करून कोपर दाखवला. "माझ्याच्यानं आता होत नाई. चार पोरं हायेत, तुम्ही पाच जन. एकेकानं एकेक घ्या. थोडे दिवस हायेत, हात बसते. नाई बसला तं त्या पोराले यंदा बाहेर ठेवा."

"सलीम," भाऊसाहेब म्हणाले, "तू ये ना बावा खुर्चीवर. कायले जीव काढून राह्यला? फक्त येऊन बसाचं आता आपन."

लोक हसले. चाचा हसले नाहीत. "हात नाई बसला त्यायचा," ते म्हणाले.

"नाई कसा बसला?" भाऊसाहेबांनी त्या चार मुलांकडं पाहिलं, लग्नात अक्षता टाकल्यासारखा हात हलवला आणि म्हणाले, "घ्या. हात बसला." शेजारचे तुरेवाले म्हणाले, हात बसला. त्यांच्या शेजारचे म्हणाले, बसला, बसला. चहाचे कप हातात धरून. ढाल मैदानाच्या कडेला, आणि हे दोन शब्द इथं, खुर्चीवरून. शेवटी पाळी बाबांची आली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दिंडीत कोण उभं राहणार आहे हे त्यांना माहीत होतं. चढाई करणाऱ्यांचे पहिले वार दिंडीवरच येतात, हेही त्यांनी मला लहानपणी स्वतः सांगितलेलं होतं. मी सतरंजीवरून त्यांच्याकडं बघत राहिले. "बसला," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

लोक मला म्हणतात, जुनी गोष्ट आहे, सोडून दे. मी सोडायला तयार आहे, पण आधी काय सोडायचं ते नीट सांगा. ज्या माणसाचा सगळा मान त्याच्या खरं बोलण्यावर उभा आहे, त्यानं न पाहता, न झेलता, पाहुण्यासाठी खोटं बोलायचं आणि मान मात्र तसाच डोक्यावर मिरवायचा, हे मी कुठल्या खात्यात सोडू? मंडळानं त्यांच्याकडून देणगी मागितली नव्हती. भाषण मागितलं नव्हतं. खुर्च्या तर कुणीच मागितल्या नव्हत्या. मंडळाला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती, जी दुसरं कुणीही देऊ शकत नव्हतं, आणि तीच त्यांनी आधी बंद केली.

लढाईच्या दिवशी आईनं मला तिचं लग्नातलं लुगडं नेसवलं, त्यावर नवी बंडी बांधली आणि माझी ढाल पुन्हा एकदा तेलानं पुसली. गढीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. डफडी वाजत होती, गोवऱ्यांचा धूर येत होता, आणि मांडवात लाल खुर्च्यांवर पाहुणे आणि तुरेवाले. सलीमचाचा सुजलेला हात गळ्यात बांधून दरवाज्याच्या आत, माझ्या मागं उभे होते. मी दिंडीत उभी राहिले. पहिले दोन वार आले, धप्प, धप्प, ओळखीचे हात होते. तिसरा गजानन. आमच्याच गल्लीतला, मनानं चांगला पोरगा, त्या चौघांपैकी एक. गर्दी पाहून त्याला चेव आला होता. त्याची तलवार ढालीच्या मधोमध न येता खालून वळली आणि ढालीचा पट्टा धरलेल्या माझ्या मनगटावर पूर्ण जोरानं बसली. टक्. पण कडेवरचा टक् नव्हे, त्याहून कोरडा. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीची काडी मोडल्यासारखा.

मला दुखलं नाही. खरंच, त्या क्षणी नाही. एवढंच कळलं की डावा हात माझा राहिलेला नाही. अडसर सरकवायचा राहिला होता आणि सुनेनं अडसर सरकवला नाही तर गोष्टच राहत नाही, म्हणून मी तलवार टाकली आणि उजव्या हातानं तो लाकडी अडसर ढकलला. लोकांना वाटलं, काय खेळते पोरगी! शिट्ट्या, टाळ्या. "रोको! अरे रोको रे!" असं ओरडत चाचा पुढं धावले, तर लोकांना तेही नाटकातलंच वाटलं आणि टाळ्या आणखी वाढल्या. दिंडीच्या चौकटीतून मला समोरचा मांडव दिसत होता. पाहुणे टाळ्या वाजवत होते. भाऊसाहेब टाळ्या वाजवत होते. बाबा टाळ्या वाजवत होते.

मंडळाची जीप पाहुण्यांच्या दिमतीला होती. पंगत उठल्याशिवाय ती मिळणार नव्हती. मी भिंतीला टेकून बसले, गजानन शेजारी रडत होता, चाचा सगळ्यांना हिंदी-मराठीत मिळतील तेवढ्या शिव्या देत होते, आणि आई कुणाच्या तरी मोटारसायकलसाठी फिरत होती. पाहुण्यांना रोडगे फार आवडले, असं नंतर सांगण्यात आलं. यवतमाळला पोचेपर्यंत हात खांद्यापर्यंत सुजला होता. हाड जुळलं, पण वाकडं. भाकरी थापताना डाव्या हातानं ती वळवता येत नाही मला. माझी भाकर आजही एका बाजूला जाड होते आणि घरातले सगळे न बोलता खातात.

चारसहा दिवसांनी सकाळी बाबा जेवायला बसले होते. आईनं ताट वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "तुम्हाले आवाज नाई आला का?" कुठला, असं त्यांनी विचारलं नाही. मी आतल्या खोलीत पडून होते, दार उघडं होतं. नुसता भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आला होता."

"मंग?"

"बाजूले पाहुणे टाया वाजवून राह्यले होते."

आई उठली. काचेच्या कपाटातून तुरा काढला, गोठ्यात गेली आणि बैलांचे कासरे ज्या खुंटीला असत तिथं तो लटकवला. कपाटात चिनीमातीचे ससे परत ठेवले. बाबांनी तुरा कुठं गेला हे कधी विचारलं नाही. त्यांना वाईट वाटलं असणार. मी त्यांची मुलगी आहे, मला कळतं. पण वाईट वाटणारा माणूस पुढच्या दिवाळीला मैदानावर जाऊन ढाल उचलतो. ते गेले नाहीत. खुर्चीवरच्या तुरेवाल्यांपैकी कुणीच गेलं नाही. पुढच्या वर्षी खुर्च्यांवर मखमल चढली. सलीमचाचा उजव्या हातानं ढाल धरायला शिकले आणि जमेल तेवढी वर्षं उभे राहिले. ते गेल्यावर मैदानात उभं राहणारं कुणी उरलं नाही. मयतीला बाबा सोडून सगळे तुरेवाले तुरे लावून आले होते. चाचांविषयी ते छान बोलले.

तर कप विसळून मी बाहेर आले आणि अक्षयला विचारलं, "सराव किती वाजता असते आता?" अक्षय म्हणाला, "सराव म्हन्जे... दोन-तीन दिवस आधी करतो आत्या. मोबाईलवर पाहून. आता डीजे असते नं, कोनाले काई समजत नाई." मी म्हटलं, "तुरा घेतो मी. खुर्ची नको. यंदा सून कोन होनार हाये, तिले रविवारी माह्या बापाच्या अंगनात घेऊन ये. अन् सलीमचाचाच्या पोराकडून ढाल मागून आन." तो म्हणाला, "पन आत्या, तुमचा हात..." मी म्हटलं, "मले दोन हायेत."

रविवारी गावी गेले. ढाल चाचांच्या मुलानं जपली होती. तेलही पाजलेलं होतं. आई जाऊन काही वर्षं झाली. बाबा ओट्यावर बाजेवर बसलेले, ते आता फार बोलत नाहीत, कान मात्र शाबूत आहेत. अक्षयनं आणलेली मुलगी श्रावणी, बारावीतली, पंजाबी ड्रेस, पायात बूट, चेहऱ्यावर अशी घाई की आत्ताच्या आत्ता दरवाजा लढवायचा आहे. मी ढाल उजव्या हातात चढवली. पट्टा तसा उलटाच बसतो, पण बसतो. "मार," मी म्हटलं. तिनं मारलं. टक्.

मी तोंड उघडायच्या आत बाजेवरून आवाज आला, "नाई बसला."

किती वर्षांनी ते शब्द त्या घरात खरे उच्चारले गेले याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला, आणि माझं डोकं भणभणलं. एवढं ऐकू येतं. तेव्हाही एवढंच ऐकू आलं होतं. मी श्रावणीवरची नजर हलवली नाही. "ते मलेबी समजलं," मी म्हटलं. "बसल्या जागेवरून नका सांगू बाबा. सांगाचं असन तं इकडे या."

बाजेची दोरी करकरली. काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. अक्षय त्यांना धरायला निघाला, त्याला मी मानेनंच थांबवलं. "पुन्हा मार," मी पोरीला म्हटलं. पायऱ्या उतरताना बाबांना वेळ लागत होता, फार वेळ लागत होता. मी आधार द्यायला गेले नाही. माझ्या हातात ढाल होती.